सात मिलिमीटर ऊब

छातीवर डाव्या बाजूला एकच आकडा छापलेला आहे, ७. बाकी सगळा काळा. भाचा कॅलिफोर्नियातून सुट्टीला आमच्या गावी, शिनोलीला आला तेव्हा त्याच्या बॅगेतली निम्मी जागा गार पाण्यात बुडी मारताना अंगावर चढवायच्या या वेटसूटनेच खाल्ली होती. प्रवासाचा वास जावा म्हणून त्याने तो धुऊन पडवीतल्या दांडीला टांगला. शेजारच्या आजी रस्त्यावरूनच थबकल्या आणि म्हणाल्या, "कोणाचं कातडं वाळत घातलंय रं?" विक्रेत्यांच्या चकचकीत पत्रकांत या वस्तूबद्दल पानंच्या पानं असतात, पण आजींच्या एका प्रश्नाइतकं नेमकं त्यांत काही सापडत नाही. वेटसूट कपड्यासारखा निवडला की फसगत होते. तो कातडीसारखा निवडावा लागतो.

७ म्हणजे जाडी, सात मिलिमीटर. काही सूटांवर ३/२ किंवा ५/४/३ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धडाचा, पुढचे हातापायांचे. धड जाड, कारण ऊब तिथे राखायची. हातपाय पातळ, कारण ते हलवायचे. बहुतेक घेणारे हा आकडा वाचतात आणि तिथेच थांबतात. कवितेचं शीर्षक वाचून पान उलटण्यातलाच हा प्रकार. खरी रचना शिवणीत, गळ्यात, काखेत आणि सगळ्यात आधी त्या काळ्या पदार्थाच्या पोटात आहे.

तो पदार्थ म्हणजे निओप्रीन, कृत्रिम रबर. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत ते १९३० साली तयार झालं. सूटसाठी वापरतात ते मात्र फुगवलेलं निओप्रीन. त्याच्या आत वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, एकमेकांना न जोडलेले, प्रत्येक आपापल्या कप्प्यात बंद. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं आणि त्या ओढीच्या आड उभे राहतात ते हे बुडबुडे. ही युक्ती ह्यू ब्रॅडनर या बर्कलीच्या भौतिकशास्त्रज्ञाची. युद्धकाळात तो अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होता, पुढे अमेरिकी नौदलाच्या बुडी मारणाऱ्या सैनिकांसाठी काम करू लागला. १९५१ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं की माणसाला पाण्यात कोरडं ठेवण्याचा आटापिटा करायची गरज नाही. कापडातच वायू कोंडलेला असेल तर आत थोडं पाणी शिरलं तरी चालेल; ते अंगाच्या उष्णतेने लगेच तापतं आणि ती उष्णता बाहेर जाऊ न देण्याचं काम कापड करतं.

इथे एक जुना चुकीचा अर्थ खोडून काढायला हवा. डायव्हिंग शिकवणारेसुद्धा सर्रास सांगतात की वेटसूटमध्ये अंगालगत पाण्याचा थर राहतो आणि तो थर ऊब देतो. पाणी कसली ऊब देणार! ते नुसतं सहन करायचं असतं. ऊब वायूची. आमच्या भागात पावसाळ्यात गुरांमागे जाणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडी असते. ती चिंब भिजते, दुप्पट जड होते, तरी तिच्याखाली माणूस कुडकुडत नाही, कारण लोकरीच्या गुंत्यात हवा अडकून राहते. भिजल्या घोंगडीबद्दल कोणी "पाणी ऊब देतं" असं म्हणत नाही. वेटसूटच्या बाबतीत मात्र हे वाक्य सत्तर वर्षं टिकून आहे. आणि ते निरुपद्रवी नाही. पाणीच ऊब देतं असं मानणारा माणूस थोडा सैल सूट घेतो, आत पाण्याला ऐसपैस जागा ठेवतो आणि दहाव्या मिनिटाला त्याचे दात वाजायला लागतात.

भाचा सॅन होजेला राहतो आणि तिथून तास-सव्वा तासावरच्या मॉन्टेरे उपसागरात बुडी मारतो. गार पाणी म्हटलं की डोळ्यासमोर बर्फ येतो, पण मॉन्टेरेचा गारवा वेगळ्या जातीचा. आमच्याकडच्या डिंभ्याच्या जलाशयात उन्हाळ्यात पोहणाऱ्या पोरांना ठाऊक असतं, छातीपर्यंत पाणी कोमट आणि तळव्यांना अचानक गार. जड गार पाणी खाली, हलकं वर, आणि दोघं सहजी मिसळत नाहीत. समुद्रातही तसंच, पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येचे वारे सुटतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं गार पाणी वर येतं. म्हणून ऐन वसंतातही मॉन्टेरेचं पाणी १० ते १३ अंशांवर असतं. हेच वर आलेलं पाणी तळाची पोषकद्रव्यं घेऊन येतं, त्यावर केल्प या प्रचंड समुद्रशैवालाची जंगलं उभी राहतात आणि ती जंगलं बघायला माणसं बुडी मारतात. म्हणजे ज्या कारणाने तिथे जावंसं वाटतं, त्याच कारणाने अंगावर सात मिलिमीटर चढवावे लागतात.

आता शिवण. मला या सूटात सगळ्यात सुंदर वाटली ती हीच, आणि दुकानात तिच्याकडे कोणी वळूनही बघत नसावं. उष्ण पाण्यातल्या स्वस्त सूटांना सपाट शिवण असते. दोन तुकडे एकावर एक ठेवून आरपार टाके घातलेले. ती अंगाला टोचत नाही, मजबूत असते, पण सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. २८ अंशांच्या समुद्रात त्याने काही बिघडत नाही. भाच्याच्या सूटची शिवण उलटून पाहिली तर आतल्या अंगाला टाका दिसतच नाही. दोन तुकड्यांच्या कडा आधी गोंदाने एकमेकींना भिडवलेल्या. मग सुई वाकडी घालून कापडाच्या अर्ध्या जाडीतून फिरवून त्याच बाजूने बाहेर काढलेली. टाका आहे, भोक नाही. काखेत आणि जांघेत, जिथे ताण सर्वाधिक, तिथे आतून पट्टीही चिकटवलेली. हे काम करणाऱ्याला ठाऊक होतं की आपला टाका कोणाला दिसणार नाही. पैठणीच्या पदराची स्तुती सगळे करतात, या लपलेल्या टाक्याची करायला कोणीतरी हवं.

चेन पाठीवर आहे, तिच्यातून शिरणारं पाणी अडवायला आतून एक जाड पदर. त्याबद्दल एवढंच पुरे की पदर नसेल तर सूट ठेवून द्यावा.

मापाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण निवड खरी तिथेच होते. कोरड्या अंगावर सूट पाच मिनिटांत सहज चढला तर तो मोठा आहे. नवा सात मिलिमीटरचा सूट चढवताना घाम फुटतो, नखं लावायची नाहीत, चिमटीऐवजी बोटांच्या पेरांनी चुण्या वर सरकवत न्यायच्या. चढला की चार जागा तपासायच्या: कंबरेमागची खोलगट जागा, काख, जांघ, गुडघ्यामागची घडी. तिथे पोकळी राहिली तर हालचाल झाली की ती पाणी ओढते आणि ढकलते, भात्यासारखी. आत तापलेलं पाणी बाहेर, बाहेरचं गार आत. अंगाने कमावलेली उष्णता अशी दर श्वासाला समुद्राला द्यायची असेल तर जाडी सात असो की नऊ, सारखंच. पुरुषांचा सूट बाईने घालायचा हा काटकसरीचा प्रकार इथेच तोंडघशी पडतो. कंबर आणि नितंबांजवळ पाण्याचे खिसे राहतात.

घट्टपणालाही हद्द आहे आणि ती गळ्यापाशी. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्यांत रक्तदाब जोखणारे बिंदू असतात. कॉलर त्यांवर दाबत राहिली तर शरीराला वाटतं दाब वाढलाय, ते हृदयाची गती मंद करतं आणि माणसाला भोवळ येते. जमिनीवर भोवळ येणं वेगळं, पाण्याखाली वेगळं. म्हणून दुकानात सूट चढवून पाच-दहा मिनिटं उभं राहावं, दोन्ही हात वर करावेत, खोल श्वास घ्यावा, मान वळवावी. छाती आवळली जात असेल तर विक्रेता "वापरून सैल होईल" म्हणेल. होतोही थोडा, पण गळ्याच्या बाबतीत त्या आशेवर घेऊ नये.

इतकी स्तुती केल्यावर या रचनेतलं व्यंगही सांगायला हवं, आणि ते नेमकं तिच्या गाभ्यात आहे. ऊब बुडबुड्यांची, आणि बुडबुडे दाबले जातात. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. ब्रॅडनरचे कोंडलेले बुडबुडे आक्रसतात आणि सात मिलिमीटरचं कापड तिथे निम्म्याच्या आसपास उरतं. म्हणजे थंडी सर्वाधिक जिथे, पांघरूण सर्वांत पातळ तिथेच. वर बुडबुड्यांमुळे सूट तरंगतो, म्हणून कंबरेला शिशाची वजनं बांधावी लागतात. खाली तरंगण्याची ताकद ओसरते आणि तीच वजनं जड होतात, मग अंगावरच्या फुगवायच्या जाकिटात हवा भरून तोल साधायचा. वर येताना पुन्हा उलट. चांगला डायव्हर ही ये-जा अंगात मुरवून घेतो. १० अंशांखालच्या पाण्यात, किंवा दिवसातून तीन-तीन बुड्या असतील तर, हे व्यंग झाकत बसण्यात अर्थ नाही. तिथे पाणी आतच न येणारा कोरडा सूट घ्यावा, त्याची दुप्पट-तिप्पट किंमत मोजावी, आणि तो वापरायला वेगळं शिकावं.

भाच्याचा हट्ट होता की हाच सूट घेऊन मालवणला जायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी ऑक्टोबर ते मे या हंगामात साधारण २६ ते ३० अंशांचं. त्यात सात मिलिमीटर घालून होडीत बसला असता तर बुडी मारण्याआधीच उकाड्याने आडवा झाला असता, शिवाय वजनं दुप्पट लागली असती. "मामा, तिथले सूट फाटके असतात," हे त्याचं म्हणणं मी मानलं नाही. भाड्याचा सूट वाचायचीही रीत आहे: दोन बोटांत दाबून सोडायचा, कापड लगेच फुगून आलं तर बुडबुडे जिवंत, दबून राहिलं किंवा घडीवर बारीक भेगा दिसल्या तर ते मेलेलं रबर, आकडा काहीही छापलेला असो. मालवणजवळच्या तारकर्लीला त्याने चार सूट असे चिमटले. पाचवा, तीन मिलिमीटरचा, गुडघ्यावर ठिगळ असलेला, त्याच्या काखेत बरोबर बसला. तोच घातला.