कार्यालयातली हवा आणि डिझायनरचं शिक्षण

भारतात इंटिरिअर डिझायनर म्हणून काम करायला परवाना लागत नाही. 1972च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला संरक्षण दिलं. त्याच वर्षी इंटिरिअर डिझायनरांची राष्ट्रीय संस्था आयआयआयडी स्थापन झाली, पण या व्यवसायाला तसा कायदा आजही नाही. त्यामुळे पदविका हातात पडल्यावर पुढे काही शिकायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. अमेरिकेत आर्किटेक्टांच्या संघटनेच्या सभासदाला वर्षाला 18 तास शिकावं लागतं आणि त्यातले 12 तास आरोग्य, सुरक्षितता व लोकहित या विषयांचे असावे लागतात. उत्तर अमेरिकेतल्या इंटिरिअर डिझायनरांच्या संघटनांचेही असेच नियम आहेत. आपल्याकडे सक्ती नाही म्हणून शिक्षणच नाही, असं मात्र नाही. ते आहे, भरपूर आहे. ते कोण देतं आणि त्यात काय सुटतं, हे पाहायला हवं.

पहिला मोठा पुरवठादार म्हणजे हरित इमारतींचं मानांकन. 2001मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल (आयजीबीसी) आली, त्यानंतर हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला लीड या अमेरिकी मानांकनाचं प्लॅटिनम मिळालं, पुढे गृहा हे भारतीय मानांकन आलं आणि 2014मध्ये माणसाच्या आरोग्यावर बेतलेलं वेल मानांकन. यांचे उपकार मोठे आहेत. रंगातून, डिंकातून काय बाहेर पडतं हा प्रश्न त्यांच्यामुळे साइटवरच्या बैठकीत येऊ लागला. पण मानांकनाच्या परीक्षांची तयारी करणारा शिकतो ती गुणांची यादी. ही यादी मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या मजल्यांसाठी लिहिलेली आहे. नाशिक, लातूर किंवा कोल्हापुरातला डिझायनर वर्षभर जी कामं करतो, म्हणजे दंतवैद्याचा दवाखाना, सीएचं ऑफिस, शिकवणीचा वर्ग, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

दुसरा पुरवठादार म्हणजे बोर्ड, लॅमिनेट, रंग आणि डिंक बनवणाऱ्या कंपन्या. हॉटेलातलं सत्र, नमुन्यांची पेटी, शेवटी जेवण. माल जाणणारा माणूस समोर असतो, म्हणून यातून शिकायला मिळतं हे खरं. प्लाय आणि एमडीएफच्या राळेतलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004मध्ये दिला. कमी उत्सर्जनाचा बोर्ड कोणता, हे अशा सत्रात नीट कळतं. पण निम्म्या बोर्डात काम भागेल, हे तिथे कोण सांगणार? उष्णता आणि दमटपणा वाढला की हे उत्सर्जन वाढतं. म्हणून कपाटाची मागची बाजू आणि कापलेल्या कडा उघड्या न सोडता बंद केल्या पाहिजेत. हे सुतारकामाचं ज्ञान आहे आणि विक्रीच्या सत्रात त्याला क्वचितच जागा मिळते.

बाहेरून आलेले धडे न तपासता पुढे शिकवले जाण्याचा धोकाही मोठा आहे. झाडांचंच घ्या. 1989च्या नासाच्या प्रयोगात छोट्या बंद पेटीतल्या कुंड्यांनी हवेतली रसायनं कमी केली आणि तेव्हापासून स्वागतकक्षातली अरेका पाम हवा शुद्ध करते असं सांगितलं जातं. 2019मध्ये कमिंग्ज आणि वेअरिंग या संशोधकांनी जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडले. इमारतीत एरवी होणाऱ्या हवापालटाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असं त्यातून निघालं. झाड लावावं, डोळ्यांना आणि मनाला ते हवंच असतं. वायुवीजनाच्या जागी ते धरू नये.

भिंतीचंही तसंच. थंड देशात बाष्प आतून बाहेर जातं. पावसाळ्यात एसी लावलेल्या मुंबईच्या ऑफिसात ते बाहेरून आत येतं. बाहेरच्या भिंतीवर आतून विनाइलचा वॉलपेपर चिकटवला की ओल त्यामागे अडकते आणि बुरशी धरते. परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलला तर ही गोष्ट नेमकी उलटी शिकली जाते.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्प्लिट एसीची. हा एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. डिझायनर खिडक्यांवर प्लाय ठोकतो, त्यावर सनमायका लावतो, वर पीओपीचं सीलिंग करतो आणि खोली देखणी होते. आता हिशेब करू. तीस बाय वीस फुटांचा, दहा फूट उंचीचा वर्ग म्हणजे सुमारे 170 घनमीटर हवा. त्यात 40 मुलं. बसलेला माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोली पूर्ण हवाबंद धरली तर हवेतलं त्याचं प्रमाण दहा मिनिटांच्या आत हजार पीपीएम ओलांडतं आणि तासाभरात चार हजारांपलीकडे जातं. खऱ्या खोलीत फटी असतात, म्हणून वेग कमी पडतो, पण दिशा तीच राहते. हार्वर्डच्या जोसेफ ॲलन यांच्या गटाने 24 जणांना प्रयोगाच्या ऑफिसात बसवून पाहिलं, तेव्हा चांगल्या हवेत त्यांची निर्णयक्षमतेच्या चाचण्यांतली कामगिरी बरीच सुधारली. प्रयोग लहान होता, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण मुलं शिकायलाच जिथे येतात तिथे ताज्या हवेचा पंखा आणि गाळणी आराखड्यात नसावी, याचं समर्थन कसं करायचं? हा हिशेब दहावीच्या गणिताचा आहे. तो मला कुठल्याही सत्राच्या पहिल्या तासाला हवा आहे.

शिकवण्यासारखं आपलं स्वतःचं संशोधनही आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच हवामानांतल्या 16 कार्यालयांत 6,330 प्रतिसाद गोळा झाले. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या कार्यालयांतली आपली माणसं परदेशी मापदंडांच्या अंदाजापेक्षा जास्त उष्णतेत सुखाने काम करतात, असं दिसलं. 2016च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या निष्कर्षाला स्थान मिळालं. तरी ‘ऑफिस म्हणजे बंद काच’ हे गृहीतक ड्रॉइंगवर टिकून आहे.

आणि सुतार? लाकडाची धूळ फॉर्मल्डिहाइडसारखीच कर्करोगकारकांच्या यादीत आहे. ‘आरोग्यदायी’ ऑफिसचं एमडीएफ बंद मजल्यावर तोंडाला रुमाल बांधून कापलं जातं, थिनर आणि पॉलिशचा वास घेत माणसं तिथेच झोपतात. अभ्यासक्रम वापरकर्त्याच्या आरोग्यापाशी थांबतो, तेव्हा तो निम्माच विषय शिकवतो. तीच गोष्ट तोडफोडीची. भाडेकरार संपला की चांगलं सीलिंग, धडधाकट पार्टिशन राडारोड्यात जातं. स्क्रूने जोडलेलं काम उघडून दुसरीकडे नेता येतं, डिंकाने चिकटवलेलं येत नाही. जोडणीचा हा विचार ‘हिरव्या’ मालाच्या लेबलापेक्षा जास्त कचरा वाचवेल असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये 1995 ते 2002 या काळात ‘प्रोब’ नावाने एक काम झालं. वापरात असलेल्या वीसेक इमारतींकडे परत जाऊन वीज, हवा आणि माणसांचं समाधान मोजलं गेलं आणि उणिवांसकट निष्कर्ष व्यवसायाच्या मासिकात छापले. आयआयआयडीच्या पुणे, मुंबई, नागपूरच्या शाखांना हे करायला कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. कार्बन डायऑक्साइडचा मीटर आता छोट्या ऑफिसलाही परवडतो. सभासदाने वर्षातून एका जुन्या कामावर परत जावं, भर कामाच्या दिवशी मीटर ठेवावा, तिथे बसणाऱ्यांना आणि काम केलेल्या सुताराला विचारावं आणि आकडे शाखेच्या बैठकीत मांडावेत. मानांकनाच्या परीक्षेच्या तयारीसारखेच त्या बैठकीचेही तास शिक्षणात धरावेत.