वर्गणी देशाची, वाचन कोणाचे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली व जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपत्रिका ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना संगणकावर वाचता याव्यात, यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी भरत असे. आता तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयालाही नामांकित संस्थेइतकाच वाचनाधिकार मिळतो. हे मोठे काम आहे, यात शंका नाही.

तरीही आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला मोजमापाचा. योजनेचे लाभार्थी सुमारे १.८ कोटी सांगितले जातात. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपये पडतात. सौदा स्वस्त वाटतो. पण यात पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही मोजलेला आहे. त्याला चांगले पाठ्यपुस्तक हवे असते, संशोधनपत्रिका क्वचितच. उलट संशोधकाला १३,००० पत्रिका नकोच असतात. त्याला आपल्या विषयाच्या पाचदहा हव्या असतात, पण त्या जुन्या अंकांसह. एका निबंधातील संदर्भावरून दुसरा, त्यावरून तिसरा, असे त्याचे वाचन चालते. मधला एक दुवा यादीबाहेरच्या पत्रिकेत असला की काम अडते. म्हणून स्थानिक गरजेच्या पत्रिकांसाठी विद्यापीठ ग्रंथालयांची स्वतःची तरतूद चालू राहिली पाहिजे. ती 'आता गरज नाही' म्हणून कापली जाण्याची धास्ती आम्हांला वाटते.

दुसरा आक्षेप दाराचा. हक्क वाचकाला नसून संस्थेला आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्था चालवितात. पहिला टप्पा मात्र शासकीय व्यवस्थापनाखालील संस्थांपुरता आहे. शाळेतील शिक्षक तर हिशेबातच नाही. आपल्याकडे १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. निदान जिल्हा ग्रंथालयात एका संगणकावर ही सोय झाली, तर जिज्ञासू शिक्षकाला दार उघडेल.

तिसरा आक्षेप मालकीचा. छापील अंक एकदा घेतला की बांधणी होऊन कपाटात राही. पुढे वर्गणी थांबली तरी तो हातचा जात नसे. इथे आपण प्रामुख्याने वाचण्याची परवानगी विकत घेतो. निबंध लिहिणारे व ते तपासणारे संशोधक बहुधा मोबदल्याशिवाय राबतात. त्यांचा पगार बऱ्याच अंशी जनतेच्या पैशातून येतो, आणि तेच लेखन जनतेच्या पैशाने पुन्हा विकत घ्यावे लागते.

याला पर्याय नाही असे नाही. बंगळूरच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रमाण' आणि 'रेझोनन्स' या पत्रिका तिच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. १९९६ मध्ये सुरू झालेली 'रेझोनन्स' तर विज्ञानशिक्षणासाठीच आहे. तिथे तुमची संस्था कोणती, असे कोणी विचारत नाही. ६,००० कोटींतला थोडा वाटा अशा पत्रिका उभ्या करण्याकडे वळला, तर २०२७ नंतर वर्गणीचा आकडा ठरविताना आपली बाजू इतकी दुबळी राहणार नाही.