पार्ट दुसऱ्याचे, गाडी कोणाची?



पेटची तयारी करणाऱ्या मुलांकडून मला एक प्रश्न सारखा येतो: "सर, विषय कुठलाही घेतला तरी कुणीतरी आधीच केलेला असतो. मग आमचं नवीन काय?" आधी सांगतो, मी अजून सर नाही. थिसिस लिहितोय, तुमच्याच रांगेत दोन पावलं पुढं उभा आहे एवढंच. पण या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते हिंगोलीतल्या एका गॅरेजमध्ये सापडलं, म्हणून आजचा लेख मोटरसायकलवर.

गॅरेजमधला वाद

गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. बाकड्यावर बसून दोन पोरं मोबाईलवर कस्टम बाइकचे फोटो बघत होती. एक म्हणाला, "याला कशाला बक्षीस? इंजिन बुलेटचं, फोर्क विकतचा, टाकी ऑनलाइन मागवलेली. यानं नुसती जोडली." मिस्त्री पाना खाली न ठेवता म्हणाले, "तू जोडून दाखव बरं."

हा वाद जगभर चालतो. कस्टम बाइकच्या स्पर्धेत एका बाजूला शुद्धतावादी असतात: जेवढे पार्ट स्वतःच्या हातानं घडवले, तेवढी गाडी अस्सल. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, शेवटी गाडी दिसते कशी ते बघा, पार्ट कुठून आला त्याच्याशी काय घेणं? मला हे दोन्ही निकष कच्चे वाटतात. का ते सांगतो.

आधी शुद्धतावाद्यांकडं बघू. आपल्याकडं मुंबईचे अक्षय वर्दे हे कस्टम बाइकमधलं ओळखीचं नाव. त्यांच्या ब्रँडचं नाव 'वर्देंची'. मराठी कानाला यात षष्ठी विभक्ती लगेच ऐकू येते: कोणाची गाडी? वर्देंची. पण त्यांच्या कितीतरी गाड्यांच्या पोटात इंजिन रॉयल एनफिल्डचं आहे. मग ती 'वर्देंची' कशी? इंजिन ओतण्यापासून सुरुवात करायची अट घातली, तर स्पर्धेत उतरायला कुणी उरणारच नाही. आणि इंजिन स्वतः ओतलं तरी बेअरिंग, चेन, टायर, स्पार्क प्लग विकतचेच. म्हणजे 'सगळं माझं' ही रेघ कुठंही ओढली तरी ती पुसट होते.

आता दुसरी बाजू, 'दिसते कशी' वाली. समजा कुणी जुन्या बुलेटला लांबलचक फोर्क लावला. फोटोत गाडी झकास दिसते. पण फोर्क लांब झाला की गाडीचं तोंड वर उचललं जातं, स्टिअरिंगचा तिरपेपणा वाढतो आणि त्याबरोबर 'ट्रेल' वाढतो. ट्रेल म्हणजे काय? स्टिअरिंगच्या दांड्याची रेषा मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथं टेकते आणि पुढचं चाक जिथं टेकतं, त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. तो जास्त झाला की गाडी सरळ रस्त्यावर स्थिर चालते, पण हळू वेगात वळवताना हँडल जड होतं आणि एका बाजूला पडायला लागतं. हे ओळखून जो फोर्क धरणारी 'टी' बदलतो, तिचा ऑफसेट वाढवून ट्रेल पुन्हा आवाक्यात आणतो, त्यानं विकतचाच फोर्क लावला, पण विचार स्वतःचा केला. दुसऱ्यानं तोच फोर्क बोल्ट आवळून बसवला आणि पॉलिश मारली. फोटोत दोघांत काही फरक दिसणार नाही. बाजारातून वळवून आणताना दिसेल.

मिस्त्रींच्या 'जोडून दाखव'चा अर्थ मला इथं लागला. पार्ट मोजून काही कळत नाही, आणि लांबून बघूनही नाही. एका पार्टमुळं दुसऱ्यात काय बदलावं लागलं, हे विचारावं लागतं.

कायदा काय म्हणतो

विशेष म्हणजे आपला पेटंट कायदा जवळपास हाच प्रश्न विचारतो. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(फ) नुसार, माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली, किंवा त्यांची जागा बदलली, आणि प्रत्येक साधन एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपापलं जुनंच काम जुन्याच पद्धतीनं करत राहिलं, तर तो शोध मानला जात नाही. यातला 'स्वतंत्रपणे' हा शब्द अधोरेखित करा. सर्वोच्च न्यायालयानंही १९७८ च्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात, जो भांडी घडवण्याच्या एका यंत्राबद्दल होता, हेच धरलं: माहीत असलेल्या गोष्टींचं एकत्रीकरण पेटंटला पात्र ठरू शकतं, पण ती नुसती कारखान्यातली किरकोळ सुधारणा असून चालत नाही.

याचं मोटरसायकलमधलंच उदाहरण गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातलं आहे. मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि शेतीची अवजारं बसवायची जोडणी लावली. 'बुलेट सांती'. बुलेट जुनी, कुळव जुना, पण दोन्ही एकत्र आल्यावर बैलाशिवाय आंतरमशागत करणारं तिसरंच काहीतरी तयार झालं. २००५ मध्ये त्याला अमेरिकेतही पेटंट मिळालं.

आता आपल्या सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले पार्ट जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि पुढच्याच महिन्यात त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. ही गाडी नियमात बसत नाही हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. माझा आक्षेप आपल्या टाळ्यांवर आहे. आपण लगेच त्याला 'संशोधन' म्हणून मोकळे झालो. लोहारांनी तसा दावा केला नव्हता, त्यांना घरच्यांसाठी गाडी हवी होती. तुटपुंज्या साधनांत काम करून दाखवणं हा एक गुण आहे आणि आधी नसलेलं उत्तर शोधणं हा वेगळा गुण आहे. जगानींच्या कामात दोन्ही दिसतात. आपण मात्र पहिल्याला सरसकट दुसऱ्याचं नाव देतो. ती सवय पुढं आपल्या थिसिसमध्येही येते: 'मी कमी खर्चात सेटअप बनवला' एवढंच लिहून आपण 'नॉव्हेल्टी'चा रकाना भरतो.

औंढ्याची जोडणी

हिंगोलीच्या मुलांना तर लांब जायची गरजच नाही. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहणार आहे. २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या यंत्राचा रचनेचा आराखडा अमेरिकेतल्या लायगोचाच. शोधयंत्राचे महत्त्वाचे भागही तिकडूनच येणार. म्हणजे गॅरेजमधल्या त्या पोराच्या भाषेत, "यांनी नुसतं जोडलं."

पण बघा. गुरुत्वीय लहर कुठल्या दिशेनं आली हे एका यंत्राला नीट सांगता येत नाही. दोन यंत्रांवर ती किती मिलिसेकंदांच्या फरकानं पोचली, यावरून अंदाज बांधतात. अमेरिकेतली दोन यंत्रं एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत, त्यामुळं हा फरक जास्तीत जास्त १० मिलिसेकंद. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीचं व्हर्गो त्यांच्या जोडीला आलं, आणि १४ ऑगस्टच्या लहरीचा आकाशातला संभाव्य पट्टा १,१६० चौरस अंशांवरून ६० वर आला. व्हर्गो त्या दोघांपेक्षा लहान आणि कमी संवेदनशील होतं. तरी ते वेगळ्या जागी उभं होतं, म्हणून एवढा फरक पडला. औंढ्याचं यंत्र हेच काम आणखी पुढं नेईल. तेच भाग, पण नव्या जागी जोडल्यावर जुन्या जोडणीला न सुटणारा प्रश्न सुटतो. मौलिकता याहून वेगळी काय असते?

यात तुझं काय?

आता माझी गोष्ट. मी स्प्रे पायरोलिसिसनं पातळ फिल्म बनवतो. गरम काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, काचेवर थर जमतो. तयार यंत्र परवडत नव्हतं म्हणून हॉटप्लेट, कॉम्प्रेसर, नोझल, स्टेपर मोटर आणि कंट्रोलर बोर्ड आणून स्वतः जोडलं. प्रगती अहवालाच्या सादरीकरणात एका तज्ज्ञांनी शांतपणे विचारलं, "हे सगळं बाजारात मिळतं. यात तुझं काय?"

मी दहा मिनिटं बोललो. किती रात्री जागलो, किती नोझल तुंबले, किती काचा फुटल्या. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ही मेहनत झाली. मी तुझं काय ते विचारलं." त्या दिवशी बाहेर पडून फार राग आला. आज वाटतं, प्रश्न बरोबर होता, उत्तर माझ्याकडं होतं आणि मला ते ओळखता आलं नव्हतं.

उत्तर असं होतं. फवारा सलग मारला की काच थंड पडायची आणि थर मध्ये जाड, कडेला पातळ व्हायचा. मी तापमापक मोटरला जोडला. काच ठरावीक तापमानाच्या खाली गेली की फवारा थांबतो, पुन्हा तापली की सुरू होतो. थांबून थांबून फवारा मारणं नवीन नाही, त्यावर पेपर आहेत. पण थांबायचं कधी, हे घड्याळानं न ठरवता काचेनं ठरवणं, हा त्या सेटअपमधला माझा निर्णय होता. आता तापमापक आणि मोटर 'स्वतंत्रपणे आपापलं काम' करत नव्हते.

आणि एक गोष्ट, जी मी ड्राफ्टमध्ये लिहिली नव्हती. थांबून फवारा मारायचं मला पेपरनं सुचवलं नव्हतं. त्याच गॅरेजमध्ये टाकी रंगवणारे काका म्हणाले होते, "एकदम मारायचं नाही. एक हात मारायचा, धरू द्यायचा, मग दुसरा." पेपर मी नंतर शोधले आणि संदर्भ फक्त पेपरचे दिले. काकांचं नाव कुठंच नव्हतं. सॉफ्टवेअरला यात काही सापडलं नसतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, माझं त्याहून कमी होतं. पण टक्केवारी शब्द मोजते, उसनवारी मोजत नाही. विकतचे पार्ट मोजणारा परीक्षक जी चूक करतो, तीच आपण त्या रिपोर्टवर भरवसा ठेवून करतो. आता काकांचं नाव ऋणनिर्देशात आहे, आणि पद्धतीच्या प्रकरणातही एक वाक्य आहे.

कस्टम बाइकच्या स्पर्धांवर माझी मुख्य टीकाही हीच आहे. बक्षीस घेताना स्टेजवर एकटाच बिल्डर असतो. लेथवर हब काढून देणारा, क्रोम करणारा, रंग मारणारा फोटोत नसतो. विकतचा पार्ट लावल्यानं गाडी खोटी होत नाही. तो कुणाचा हे लपवल्यानं होते.

स्पर्धांकडून घेण्यासारखंही आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या एएमडी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मत देत आले ते स्पर्धक बिल्डर स्वतः. आपल्या भाषेत, पिअर रिव्ह्यू. ज्यानं स्वतः टी बदललीय त्यालाच समोरच्यानं का बदलली हे दिसतं. आणि विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेत सगळ्या संघांना ठरवून दिलेलं इंजिन वापरावं लागतं. इंजिनावरून भांडण नाही. परीक्षक समोर बसवून विचारतात: हा पाइप एवढ्याच जाडीचा का? हे सस्पेन्शन असंच का? तो व्हायवाच असतो.

म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला तुमच्या कामातले सगळे विकतचे, उसने पार्ट लिहा: पद्धत, डेटा, सूत्र, उपकरण, आणि कुणाच्या तोंडून ऐकलेली युक्ती. प्रत्येकासमोर ते कुणाचं आहे ते लिहा. मग उजव्या बाजूला लिहा, यातला कुठला पार्ट दुसऱ्यामुळं तुम्हाला बदलावा लागला आणि का. उजवी बाजू कोरी राहिली तर घाबरू नका, तुमचं काम अजून तिथं पोचलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. दोन ओळी जरी आल्या तरी 'यात तुझं काय?' याला उत्तर तयार आहे. डावी बाजू मात्र कोरी ठेवू नका.

पुढच्या लेखात रिसर्च गॅप कसा शोधायचा ते बघू. तोपर्यंत तुमचा कागद भरून ठेवा.