गाण्याचे धनी किती? : फिल्मफेअरच्या संगीत-पुरस्कारांचे एक वाचन

२१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो थिएटरात फिल्मफेअर नियतकालिकाचे पहिले पुरस्कार दिले गेले. समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ तेव्हा त्यांना ‘क्लेअर पुरस्कार’ असे नाव होते. पुरस्कार पाचच होते : चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि संगीत दिग्दर्शक. कथालेखक त्यात नव्हता, छायाचित्रकार नव्हता, गायक आणि गीतकारही नव्हते. हिंदी चित्रपटाला संगीत किती मोलाचे वाटत होते, हे या पाच नावांवरून समजते. त्याचबरोबर ते संगीत एकट्या माणसाचे मानले जात होते, हेही समजते.

तो पहिला मान ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना मिळाला. त्याच चित्रपटातल्या गाजलेल्या जुगलबंदीत उस्ताद अमीर खाँ आणि पं. द. वि. पलुसकर गायले होते. गायकासाठी पुरस्कार सुरू झाला १९५९च्या सोहळ्यात. पलुसकर त्याआधीच, १९५५ साली, वारले होते.

या पुरस्कारांबद्दल आपल्याकडे लिहिले-बोलले गेले ते मुख्यतः एकाच अंगाने : कोणाला मिळायला हवा होता आणि कोणाला मिळाला. १९६१ साली ‘मुघल-ए-आझम’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पण संगीताचा पुरस्कार ‘दिल अपना और प्रीत पराई’ला गेला, याची हळहळ अजून संपलेली नाही. मदनमोहन यांना हा पुरस्कार एकदाही मिळाला नाही. सी. रामचंद्र आणि जयदेव यांनाही नाही. नौशाद यांना १९५४नंतर पुन्हा मिळाला नाही. राहुलदेव बर्मन यांना पहिला पुरस्कार मिळायला १९८३ उजाडले, तोही ‘सनम तेरी कसम’साठी. ही यादी रसिकांना तोंडपाठ असते आणि तिच्यावरचे वाद रंगतदारही होतात. पण त्या वादांतून फार तर परीक्षकांची किंवा मतदारांची आवड कळते. मला या पुरस्कारांतली खरी ऐतिहासिक सामग्री विजेत्यांच्या नावांपेक्षा पुरस्कारांच्या रकान्यांत दिसते. कोणता रकाना केव्हा उघडला आणि कोणता उघडलाच नाही, हे पाहिले की गाणे कोणी घडवले असे या व्यवसायाला वाटत होते ते उलगडते.

‘रसिक बलमा’चा नकार

गायकांचा रकाना कसा उघडला, ती हकीकत लता मंगेशकर यांनी मुलाखतींतून अनेकदा सांगितली आहे. १९५७ साली ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार जाहीर झाला आणि सोहळ्यात लताबाईंनी ‘रसिक बलमा’ गावे अशी इच्छा जयकिशन यांनी व्यक्त केली. त्यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला नाही आणि गीतकारालाही नाही. तेव्हा गायकाशिवाय आणि शब्दांशिवाय वाद्यवृंदाकडून ते गाणे वाजवून घ्यावे. दोन वर्षांनी, १९५९ साली, दोन्ही रकाने उघडले. ‘मधुमती’मधल्या ‘आजा रे परदेसी’साठी पहिला गायन-पुरस्कार लताबाईंना आणि ‘यहुदी’तल्या गीतासाठी पहिला गीतलेखन-पुरस्कार शैलेंद्र यांना मिळाला.

स्वाभिमानी कलावतीचा बाणा म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण त्यातला युक्तिवाद नीट पाहिला तर तो व्यक्तिगत मानापमानापलीकडचा आहे. आपण ज्याला ‘संगीत’ म्हणून बक्षीस देता त्यातून आवाज आणि शब्द काढून घेतले तर काय उरते, असा हा प्रश्न आहे. अमुक घटक वजा केला तर गाणे उभे राहते का? राहत नसेल, तर तो घटक गाण्याच्या मालकीत भागीदार आहे. श्रेय ठरवण्याची इतकी स्वच्छ कसोटी आपल्या चित्रपट-समीक्षेतही क्वचितच कोणी मांडली असेल.

पुढे या रकान्याचेही भाग झाले. १९५९ ते १९६७ या नऊ सोहळ्यांत गायक आणि गायिका मिळून एकच पुरस्कार होता. त्यांतले चार महंमद रफींना, तीन लताबाईंना आणि मुकेश व महेंद्र कपूर यांना प्रत्येकी एक मिळाला. १९६८पासून गायक-गायिका वेगळे झाले, आणि त्या वर्षी गायिकेचा पहिला स्वतंत्र पुरस्कार आशा भोसले यांना ‘दस लाख’साठी मिळाला. याचा अर्थ, पहिली नऊ वर्षे बाईचा आवाज आणि पुरुषाचा आवाज एकाच तागडीत तोलले गेले आणि गायिका म्हणून एकट्या लताबाई त्यातून पार झाल्या. गीता दत्त यांचे नाव विजेत्यांत का नाही, याचे थोडेफार उत्तर या रकान्याच्या रचनेतही आहे.

उरलेला वाद्यवृंद

आता लताबाईंची कसोटी पुढे नेऊ. आवाज आणि शब्द वजा केल्यावर जे उरते, ते वाद्यवृंदाने वाजवून दाखवावे, असे त्या म्हणाल्या. म्हणजे वाद्यवृंद संगीतकाराच्या खात्यात जमा धरला गेला. त्या काळी सगळेच तसे धरत. पण तो वाद्यवृंद काय वाजवणार होता, आणि ते कोणी लिहिले होते?

शंकर-जयकिशन यांच्याकडे साधारण १९५२ ते १९७५ या काळात अरेंजर म्हणून सेबॅस्टियन डिसोझा काम करत होते. ते गोव्याचे. तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळत, तेही मूळचे गोव्याचे; ज्याला वादक आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात तो त्यांच्याच नावाचा. शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअरचे नऊ पुरस्कार मिळाले, १९५७च्या ‘चोरी चोरी’पासून १९७३च्या ‘बेईमान’पर्यंत. हे नऊच्या नऊ सेबॅस्टियन यांच्या कारकिर्दीत येतात. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या दोघांची नावे ‘सहाय्यक’ म्हणून येत. पुरस्काराच्या यादीत ती कुठेच नाहीत.

अरेंजरचे काम काय, हे थोडे सांगायला हवे. संगीतकार हार्मोनियमवर मुखडा आणि अंतरा बांधतो. तिथून ध्वनिमुद्रणापर्यंत बराच रस्ता असतो. व्हायोलिनच्या ताफ्याने कोणते स्वर धरायचे, चेलोने खाली काय करायचे, गायिका ओळ संपवून श्वास घेते तेवढ्या जागेत बासरी येईल की अकॉर्डियन, मुख्य चालीच्या पाठीमागून दुसरी चाल कशी सरकवायची, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत काय घडवायचे, हे सारे ठरवून प्रत्येक वादकापुढे स्टाफ नोटेशनचा कागद ठेवावा लागे. साठ-सत्तर वादक एकाच वेळी बसून वाजवत असताना हा कागद नसेल तर रेकॉर्डिंग होणेच शक्य नसे.

हे लिहिता येणारी माणसे बहुतेक गोव्याहून आली, यालाही कारण आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. पोटापाण्यासाठी ही मुले मुंबईत आली, हॉटेलांतल्या जाझ बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत पोचली. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्सालविस, सेबॅस्टियन हे सारे या वाटेचे प्रवासी. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तला पाश्चात्त्य बाज ऐकताना चिक चॉकलेटचे नाव वगळून चालत नाही. ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’मध्ये (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’मध्ये (२०१२) या मंडळींचा इतिहास लिहिला. मराठीत तो अजून किस्से आणि आठवणींच्या पुढे फारसा गेलेला नाही.

एक उदाहरण घेऊ. १९६९च्या सोहळ्यात ‘ब्रह्मचारी’ला संगीत, गायन आणि गीतलेखन असे तिन्ही पुरस्कार मिळाले. गायनाचा पुरस्कार रफींना ‘दिल के झरोखे में’साठी होता. हे गाणे मनातल्या मनात आठवून पाहा. रफींचा आवाज आठवतोच, पण त्याच्याबरोबर, काहींना तर त्याच्याही आधी, व्हायोलिनचा तो उसळणारा लोंढा आठवतो. पियानोजवळचा नायक तोंडाने जे बोलत नाही ते व्हायोलिने बोलतात. आता लताबाईंची कसोटी लावा आणि तो लोंढा वजा करा. चाल उरते, शब्द उरतात, आवाज उरतो. पण लोकांना पन्नास वर्षे आठवत आले ते गाणे उरत नाही. त्या वर्षी तीन बाहुल्या वाटल्या गेल्या आणि चौथा भागीदार पगाराच्या पाकिटावर घरी गेला.

‘बेईमान’चा वाद पुन्हा एकदा

१९७३चा सोहळा या यादीतला सर्वांत वादग्रस्त. ‘पाकीजा’ डावलून ‘बेईमान’ला संगीताचा पुरस्कार मिळाला. त्याच ‘बेईमान’मधल्या भूमिकेसाठी प्राण यांना सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. ‘पाकीजा’चे संगीतकार गुलाम महंमद यांच्यावर अन्याय झाला म्हणून प्राण यांनी तो नाकारला. गुलाम महंमद १९६८ सालीच वारले होते. चित्रपट प्रदर्शित झाला १९७२ मध्ये.

या वादात सहसा न सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे गुलाम महंमद स्वतः कित्येक वर्षे नौशाद यांचे सहाय्यक होते. सहाय्यकाच्या नावाने भर सोहळ्यात कोणी नाराजी नोंदवली असेल तर ती एवढीच, आणि तीही तो स्वतंत्र संगीतकार झाल्यावर. दुसरी अशी की जयकिशन सप्टेंबर १९७१ मध्येच गेले होते. ‘बेईमान’चे संगीत शंकर यांचे, जोडनाव मात्र चालू राहिले. म्हणजे त्या वर्षी एका बाजूला मरण पावलेल्या संगीतकाराला पुरस्कार नाकारला गेला, आणि दुसऱ्या बाजूला ज्या नावातला अर्धा भाग हयात नव्हता त्या नावाला दिला गेला. पुरस्कारावर कोरलेले संगीतकाराचे नाव हे माणसाचे असते की दुकानाच्या पाटीचे, असा प्रश्न इथे पडतो. पाटीचे असेल, तर पाटीमागे काम करणाऱ्या सर्वांचा त्यावर थोडा हक्क निघतो.

आक्षेप

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वाजवी आहे. सेबॅस्टियन यांनी ओ. पी. नय्यर यांच्याकडेही काम केले, पण नय्यर यांचे गाणे शंकर-जयकिशन यांच्यासारखे वाजत नाही. म्हणजे दृष्टी संगीतकाराचीच होती. अरेंजर ती कागदावर उतरवत होता. शिवाय सलील चौधरींसारखे संगीतकार स्वतःच अरेंजिंग जाणत, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल तर मुळात त्यातलेच. हे सगळे खरे आहे. अरेंजर हाच खरा संगीतकार, असा जो सूर हल्ली कधीकधी लागतो, तो मला मान्य नाही. पण गायकही स्वतः चाल बांधत नाही. लताबाईंनी संगीतकाराची जागा मागितली नव्हती, स्वतःची मागितली होती. नेमकी तेवढीच मागणी अरेंजरच्या वतीने करता येते. कोणाचा हात कुठे होता हे आज गाणेनिहाय सिद्ध करणे कठीण झाले आहे, कारण ते नोटेशनचे कागद रेकॉर्डिंगनंतर बहुतेक जपलेच गेले नाहीत. ज्याच्या नावाचा रकाना नाही त्याचे दप्तरही कोणी सांभाळत नाही.

हा केवळ मानाचा प्रश्न राहिला नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली संगीतकाराची व्याख्या आली. तिच्यानुसार संगीत रचणारा तो संगीतकार, मग ते त्याने स्वरलेखनात उतरवलेले असो वा नसो. आपल्या परंपरेला ही व्याख्या न्याय देणारीच आहे. हार्मोनियमवर चाल बांधणाऱ्याला ती संरक्षण देते. पण स्वरलेखन करणारा तिच्यात कुठे बसतो हे ती सांगत नाही. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही असा हक्क दिला, तेव्हाही अरेंजर म्हणून वेगळे नाव आले नाही. पुरस्काराच्या रकान्यात जे दिसले नाही ते कायद्याच्या कलमातही दिसले नाही. समारंभाला आपण करमणूक समजतो; पण एखाद्या व्यवसायात कोणाला ‘कर्ता’ म्हणायचे हे वर्षानुवर्षे तिथेच सर्वांसमोर ठरत जाते.

नाव आहे, श्रेय नाही

या यादीतली सर्वांत बोलकी नोंद १९७८ची आहे. त्या वर्षी ‘अमर अकबर अँथनी’साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना संगीताचा पुरस्कार मिळाला. अंड्यातून बाहेर पडून अमिताभ ज्या नावाने स्वतःची ओळख करून देतो, ते अँथनी गोन्सालविस हे नाव खरे आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू आणि मुंबईतले नावाजलेले अरेंजर. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचे स्वप्न त्यांनी १९५८ साली मुंबईत सिंफनीच्या कार्यक्रमांतून जाहीरपणे मांडले होते. शिष्याने गुरूला दिलेली ही मानवंदना मनापासूनची होती, यात शंका नाही. तरीही देशभर ते नाव एका विनोदी गाण्यातले पात्र म्हणून पोचले. पुरस्कारप्राप्त चित्रपटात अरेंजरचे नाव इतक्या मोठ्याने आधी कधी उच्चारले गेले नव्हते, आणि ज्यांनी ते ऐकले त्यांपैकी बहुतेकांना ते अरेंजरचे आहे हे माहीत नव्हते.

पुढे रकाने वाढले. १९९८पासून फिल्मफेअरमध्ये पार्श्वसंगीताचा वेगळा पुरस्कार आला. राष्ट्रीय पुरस्कारांतही २००९च्या चित्रपटांपासून गीतांचे संगीत आणि पार्श्वसंगीत वेगळे झाले. ए. आर. रहमान यांनी कॅसेट आणि सीडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याचा पायंडा पाडला, तो कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोलाचा होता. आता वेष्टनच उरले नाही; फोनच्या पडद्यावर दोन-तीन नावे मावतात आणि तीही कापली जातात.

पुरस्कार देणाऱ्यांनी मागे जाऊन चुका दुरुस्त कराव्यात, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण चित्रपटसंगीताचा इतिहास लिहिणारे आपण सर्वजण आजही तीन रकान्यांची वही वापरतो : संगीतकार, गीतकार, गायक. आपल्या गाण्यांच्या सूची, कोश, लेख, सारे याच वहीत मांडलेले असते. तिच्यात चौथा रकाना आखायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. अनेक गाण्यांपुढे तो रिकामाच राहील. रिकामा असला तरी तिथे कोणीतरी होते, एवढे त्यावरून कळेल.