वर्णक्रम, आवृत्तिबदल आणि अहवालाची विश्वसनीयता

व्यवहारातील माहितीची छाननी करून तिचे तक्ते, आलेख व गोषवारे मांडणाऱ्या संगणकप्रणालींना 'बिझनेस इंटेलिजन्स' हे नाव रूढ झाले आहे. अशा प्रणालीची, किंवा तिच्या बुडाशी असलेल्या डेटाबेसची वा यंत्रणेची, आवृत्ती बदलली म्हणजे काही अहवाल बिघडतात, हा सार्वत्रिक अनुभव होय. या बिघाडांची चर्चा बहुधा तंत्रज्ञांपुरतीच राहते. तथापि त्यांतील एका प्रकाराचे मूळ लिपिव्यवस्थेत आहे. म्हणून भाषाभ्यासकाने त्याची उपेक्षा करणे योग्य नव्हे. हा प्रकार म्हणजे वर्णक्रमातील बदल. या बिघाडावर आज जे उपाय सर्रास योजले जातात, त्यांतील बरेचसे दोष झाकणारे आहेत, दूर करणारे नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम क्रमाचे महत्त्व कशात आहे ते पाहू. डेटाबेसमधील इंडेक्स हा पुष्कळ अंशी शब्दकोशासारखा असतो. कोशात शब्द शोधताना आपण सर्व पाने चाळीत नाही. मधले एखादे पान उघडतो आणि इष्ट शब्द त्याच्या मागे असेल की पुढे, हे वर्णक्रमावरून ठरवितो. समजा, कोश एका क्रमाने रचलेला आहे आणि वाचक दुसऱ्या क्रमाने शोधीत आहे. अशा वेळी शब्द कोशात असूनही सापडणार नाही, आणि तो कोशात नाहीच असा निष्कर्ष वाचक प्रामाणिकपणे काढील.

नेमके हेच २०१८ नंतर अनेक ठिकाणी घडले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्नू सी लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत वर्णक्रमाची माहिती आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार बदलण्यात आली. २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ या दोन्ही यंत्रणांत ही लायब्ररी होती. पोस्टग्रेस हा डेटाबेस मजकुराचा क्रम पुष्कळदा याच लायब्ररीकडून घेतो. बदलाचा एक सोपा पुरावा असा : अमेरिकी इंग्रजीच्या क्रमाने '१-१' आणि '११' ही चिन्हे इंग्रजी अंकांत लावली, तर जुन्या लायब्ररीत '११' आधी येत असे; नव्या लायब्ररीत '१-१' आधी येते. फरक एका संयोगचिन्हाचा आहे. पण मालाचे, शाखांचे व ग्राहकांचे संकेतांक अशाच चिन्हांनी बनलेले असतात.

जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स तसाच ठेवून यंत्रणा बदलली, की दोन प्रकारची हानी संभवते. असलेली नोंद शोधात सापडत नाही, आणि 'ही नोंद आधीच आहे' हे न कळल्यामुळे एकच ग्राहक दोनदा दाखल होऊ शकतो. दोन्ही वेळी प्रणाली बंद पडत नाही, तक्रारही करीत नाही. तक्ता नीटनेटका असतो; बेरीज मात्र चुकलेली असते. चुकीच्या बेरजेवरून जेथे मालाची मागणी नोंदविली जाते अथवा कोणाचे देणे ठरते, तेथे ही केवळ मांडणीची बाब राहत नाही.

आता प्रचलित उपायांचा विचार करू. पहिला उपाय म्हणजे अहवालाच्या मांडणीतच क्रम पुन्हा लावून घेणे. याने ओळी सरळ दिसतात, परंतु जी ओळ शोधातून निसटली तिला क्रम कोठून लाभणार? दुसरा उपाय अधिक घातक आहे. पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्त्या क्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवतात व ती जुळली नाही तर इशारा देतात. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून ही सोय संपूर्ण डेटाबेसच्या मूळ क्रमासही लागू झाली. 'रिफ्रेश व्हर्शन' ही आज्ञा दिली की इशारा थांबतो. पण ही आज्ञा केवळ नोंद बदलते, इंडेक्सला हात लावीत नाही. कोशाच्या मुखपृष्ठावरील सन बदलावा आणि आतील शब्द जुन्याच क्रमाने ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. योग्य रीत अशी की, 'एमचेक' या साधनाने मजकुराचे इंडेक्स तपासावेत, दुबार नोंदी शोधून निकालात काढाव्यात, 'रीइंडेक्स' करावे, आणि त्यानंतरच इशारा मिटवावा. दुबार नोंदी तशाच राहिल्या तर अनन्यतेचा इंडेक्स पुन्हा रचलाच जात नाही.

मराठीपुरते पाहिल्यास प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. आपल्या शालेय वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो; युनिकोडच्या सारणीत तो 'ल' च्या लगेच पुढे, ०९३३ या स्थानी, आहे. म्हणून केवळ संकेतांकांनी लावलेल्या यादीत 'काळा' आधी व 'कावळा' नंतर येतो. शालेय क्रमाने उलट व्हावयास हवे. 'कऱ्हाड' या नावातील आडवा रफार दोन रीतींनी संगणकात उतरतो : एक 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, दुसरी 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांस दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडच्या सामान्यीकरणाने ती एक होत नाहीत. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या क्रमांत समानता शेवटी बाइटांवर ठरते; त्यामुळे आवृत्तिबदलाबरोबर टंकलेखनाची व्यवस्थाही बदलली असेल, तर एकाच गावाच्या दोन ओळी अहवालात उमटतात. हा दोष माहिती भरण्याच्या जागीच दुरुस्त केला पाहिजे. अहवालात दोन ओळींची बेरीज करणाऱ्या सूत्राने तो फक्त त्या एका अहवालापुरता लपतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. यंत्राला शोधासाठी लागणारा क्रम आणि वाचकाला वाचनासाठी हवा असलेला क्रम हे दोन निराळे आहेत. पहिला स्थिर हवा. भाषेशी त्याचे नाते नसले तरी चालेल. शुद्ध संकेतांकांचा क्रम या कामी पुरतो, आणि २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत पोस्टग्रेसने तो बाहेरील लायब्ररीवर न विसंबता उपलब्ध करून दिला. दुसरा क्रम भाषेचा हवा, आणि तो नाव घेऊन निवडलेला हवा : आयसीयू या लायब्ररीत मराठीचा स्वतंत्र क्रम आहे. महिन्यांसारख्या शब्दांना तर कोणताच वर्णक्रम उपयोगी नाही. 'एप्रिल' हा 'जानेवारी' च्या आधी येणारच. त्यासाठी पॉवर बीआयमध्ये दुसऱ्या स्तंभानुसार क्रम लावण्याची सोय आहे, तीच वापरावी.

यावर असा आक्षेप येईल की, आयसीयूचा क्रमही आवृत्तीगणिक बदलू शकतो. हे खरे आहे. वर्णक्रम हा निसर्गाने दिलेला नसून समाजाने ठरविलेला संकेत आहे, आणि संकेत बदलतात. म्हणूनच तो लिहून ठेवावा लागतो. कोणता क्रम, कोणत्या आवृत्तीचा, कोणत्या स्तंभासाठी, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक अहवालासोबत नोंदविल्या, आणि आवृत्तिबदलाच्या आधी व नंतर 'काळा', 'कावळा', 'कऱ्हाड' अशा पंधरा-वीस शब्दांची यादी लावून पाहिली, तर पुष्कळसा अनर्थ टळेल. ती यादी तयार करणे हे तंत्रज्ञाचे काम नव्हे. ते आपले आहे.