पैजेचा ‘निधी’ आणि दोन टक्क्यांचा हिशेब

पैज लावणाऱ्यांना एक सल्ला नेहमी दिला जातो. घरखर्चाला हात लावू नका, पैजेसाठी वेगळा निधी ठेवा, एका वेळी त्याचे दोनच टक्के लावा आणि हरल्यावर रक्कम दुप्पट करू नका. राहात्याच्या परिसरात पेरूचा माल विकला की घरात एकदम रोकड येते. अशा ठिकाणी हा सल्ला शहाणपणाचा वाटण्याची शक्यता अधिक. त्यात टक्केवारी असल्याने तो गणिती वाटतो. तो खरोखर तसा आहे का, हे तपासायला मटक्याचे उदाहरण सोयीचे आहे.

मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर आकडा लावत. १९६०च्या दशकात चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला आणि मटका राज्यभर पसरला. शून्य ते नऊ यांपैकी एक आकडा निवडायचा. लागला तर रुपयाला नऊ रुपये मिळतात, असा भाव धरू. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावला, तर दहा जातात आणि नऊ येतात. म्हणजे लावलेल्या रकमेवर सरासरी दहा टक्के तोटा.

सल्ल्यातील एक भाग बरोबर आहे. हजार रुपयांच्या निधीतून २०, ४०, ८०, १६०, ३२० असे दुप्पट करत गेल्यास पाच डावांत ६२० रुपये संपतात आणि सहाव्या डावाचे ६४० हाती नसतात. सलग पाच डाव हरण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के. दुप्पट न करणे हेच बरे.

आता दोन टक्क्यांचा नियम पाहू. हजारातले २० रुपये लावले की सरासरी २ रुपये, म्हणजे निधीचा ०.२ टक्का जातो. हे किरकोळ वाटते. पण ०.९९८ ला स्वतःनेच गुणत गेल्यास सुमारे ३४६ डावांनी निम्मे उरते. दिवसाला दोन डाव धरले, तर सहा महिनेही लागत नाहीत. शिवाय ही सरासरी थोड्या नशीबवानांनी वर ओढलेली असते. सर्व खेळाडू रकमेच्या क्रमाने उभे केले, तर मधल्या खेळाडूचा निधी सुमारे २०७ डावांतच निम्मा होतो. सरासरी आणि मध्यक यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

थोडक्यात, हा नियम पैसे किती वेगाने जातील ते ठरवतो. जातील की नाही, ते ठरवत नाही. निधीचा कितवा हिस्सा लावावा याचे सूत्र बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडले. मटक्याचे आकडे त्यात घातले की उत्तर ऋण येते. याचा अर्थ, लावण्याजोगी रक्कम शून्य. सल्ला नेमका हाच पहिला प्रश्न गाळतो. ‘निधी’ हा शब्दही फसवा आहे, कारण निधी म्हटले की बचत आणि वाढ डोळ्यांसमोर येते. खरे नाव ‘खर्च’.

चौकस विद्यार्थी विचारेल, पीकविम्याचा हप्ताही बहुतेक वर्षी परत येत नाही, मग तोही जुगारच का? प्रश्न रास्त आहे. पण बागेवरचे संकट आधीपासूनच असते. विमा त्याचा फटका कमी करतो. पैज मुळात नसलेला धोका पैसे देऊन विकत घेते.

वर्गात दहा चिठ्ठ्या आणि चिंचोके घेऊन हा प्रयोग करता येईल. तीस मुलांनी प्रत्येकी वीस वेळा एकेक चिंचोका लावावा आणि प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी काढावी. ६०० चिंचोक्यांपैकी सरासरीने ६० शिक्षकांच्या डब्यात राहायला हवेत. पण एखाद्या वर्गात मुलेच जिंकतील. तो प्रयोग फसला असे समजू नये. थोड्या डावांत जिंकता येते म्हणूनच माणूस खेळत राहतो. अनेक वर्गांचे आकडे एकत्र केले की तोट्याचा कल दिसू लागतो.

मटका १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. कायदा सांगावाच. पण ‘मी शिस्तीने खेळतो’ म्हणणाऱ्याला ०.९९८ चा गुणाकार स्वतः करायला लावला, तर त्याला आपल्या शिस्तीची किंमतही कळेल.