जोडलेले हात

अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आरामनगरात, जुन्या बैठ्या बंगल्यांबाहेर ऑडिशनच्या रांगा लागलेल्या असतात आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर कुणी ना कुणी कुणाला तरी एखाद्या थ्रिलरचं नरेशन देत असतं. येता-जाता ती नरेशन्स माझ्या कानांवर पडत आली आहेत. प्रेत कुठे दडवलं, पोलिसांना पहिला संशय कुणाचा आला, इथवर सांगणारा चांगलाच रंगात आलेला असतो. मग ऐकणारा चहाचा ग्लास खाली ठेवून विचारतो, ‘पण ह्यात इमोशन कुठंय?’ आणि पुष्कळदा उत्तर येतं, ‘आई आहे ना!’ उत्तर खरं असतं, पण अपुरं. गुन्ह्याच्या गोष्टीत आईला आणून बसवणं निराळं आणि अख्ख्या गोष्टीचा श्वास तिच्या छातीतून चालवणं निराळं. असा श्वास मला ज्या चित्रपटात पुन्हा पुन्हा ऐकू येतो, त्याला सगळे एका हुशार बापाचा चित्रपट म्हणून ओळखतात. ३१ जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झालेला निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’.

मूळ कथा जीतू जोसेफ यांची, २०१३ च्या मल्याळम चित्रपटातली. कन्नड, तेलुगू, तमिळ अशी घरं फिरत ती हिंदीत आली, पण येताना तिने मुक्काम केला तो मराठी माणसांच्या अंगणात. पटकथेचं हिंदी रूप उपेंद्र सिधये यांचं, कॅमेरा ‘किल्ला’ करणाऱ्या अविनाश अरुण यांचा आणि दिग्दर्शन ‘डोंबिवली फास्ट’च्या कामतांचं. म्हणून भाषा हिंदी असली तरी चित्रपटाचं अंगण, ओसरी आणि स्वयंपाकघर आपल्याला ओळखीचं वाटतं. नावंच पाहा ना. गोव्यातल्या पांडोळी नावाच्या कल्पित गावात केबलचा धंदा करणारा, चौथी नापास विजय साळगावकर. त्याच्यावर हात उगारणारा गायतोंडे. आणि पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख. साळगावकर म्हटलं की एक गाव आठवतं, देशमुख म्हटलं की एक वतन. दोन आडनावं समोरासमोर ठेवली आणि लेखकाने भाषणबाजी न करता सांगून टाकलं, की इथे मातीशी अधिकाराची गाठ पडणार आहे.

आता त्या रात्रीपाशी थांबू. सॅम नावाचा मुलगा, मीरा देशमुखांचा लाडका एकुलता एक, साळगावकरांच्या थोरल्या मुलीचं, अंजूचं, चोरून केलेलं चित्रण मोबाईलमध्ये घेऊन तिच्या दारी आलेला आहे. बाप घरी नाही. तो नेहमीसारखा आपल्या ऑफिसात सिनेमा बघत बसलेला आहे. पुढे ज्याची बुद्धी आपल्याला दीपवून टाकणार आहे, तोच माणूस सर्वांत मोठ्या क्षणी गैरहजर असावा, ह्या योजनेचं मला दर वेळी नवल वाटतं. लेखकाने ती जागा रिकामी ठेवली आणि त्या रिकाम्या जागेत विजयच्या बायकोला, नंदिनीला, उभं केलं. तिच्यापाशी हत्यार नाही, युक्ती नाही, कायद्याची माहितीही नाही. जन्मभर देवासमोर, पाहुण्यांसमोर, वडीलधाऱ्यांसमोर जे केलं तेच ती इथेही करते. ती हात जोडते.

ह्या जोडलेल्या हातांकडे आपण जरा निवांतपणे पाहू. समोरचा पोरगा तिच्या मुलीच्या वयाचा आहे. एरवी तोच अंजूचा मित्र म्हणून घरी आला असता तर हिने त्याला पोहे करून दिले असते. त्याच्याही आत कुणाचा तरी मुलगा असेल, हा तिचा भाबडा, पण किती सुंदर विश्वास त्या हातांत आहे. आणि नेमका तोच विश्वास तो तुडवतो. ती आई होऊन विनवते आणि त्याची नजर मुलीवरून सरकून तिच्यावरच येते. त्या एका मागणीबरोबर घरातलं सगळं पावित्र्य कोसळतं. मग झटापट, त्या मोबाईलसाठी केलेली धडपड, अंजूच्या हातून बसलेला घाव, आणि शांतता. विनवणीची सगळी दारं बंद झाल्यावरच घाव बसतो, म्हणून तो आपल्यालाही आपल्याच हातून बसल्यासारखा वाटतो. हात जोडण्याची ती काही क्षणांची जागा पटकथेतून काढली असती, तर पुढचा सारा चित्रपट एका चलाख कुटुंबाने पोलिसांना दिलेल्या गुंगाऱ्याची गोष्ट ठरला असता.

आणि मग खड्डा. मायलेकी त्या मुलाला पुरतात ते घरामागच्या खताच्या खड्ड्यात. ज्या खड्ड्यात रोजचा पालापाचोळा पडतो, ज्याचं खत होऊन परसातली झाडं वाढतात, त्याच्यात. स्वयंपाकघरापासून चार पावलांवरची ही जागा निवडण्यात केवढी जाण आहे! गुन्हेगार प्रेत दूर नेतो, घाबरलेली बाई ते आपल्या ओळखीच्या मातीत झाकते. वर खिडकीतून धाकटी अनू हे पाहते आहे. मृणाल जाधवने ही छोटी अनू अशी केली आहे, की तिचे मोठे डोळे आपल्या मनात त्या रात्रीपासून शेवटापर्यंत मिटत नाहीत. एका आईने मोठीला वाचवण्यासाठी केलेलं काम धाकटीच्या डोळ्यांत जाऊन बसलं, ही ह्या कथेतली मला सर्वांत खोल वाटणारी जखम. पोलिसांना शेवटी दार सापडतं तेही ह्याच डोळ्यांतून.

दुसऱ्या दिवशी विजयला सगळं कळतं आणि त्याची बुद्धी कामाला लागते. गाडी, मोबाईल, बसची तिकिटं, पणजीचा सत्संग, हॉटेलातली पावभाजी, सिनेमा, ह्या सगळ्यावर लोकांनी भरभरून बोलून झालं आहे. घरचे पणजीत होते म्हणून त्याने लोकांच्या मनात ठसवलेल्या २ आणि ३ ऑक्टोबर ह्या तारखा तर आता म्हणीसारख्या झाल्या आहेत. मी त्यावर रेंगाळणार नाही. मला बघावंसं वाटतं ते विजय पाठ म्हणवून घेत असताना नंदिनीच्या चेहऱ्याकडे. पोलीस काय विचारतील, उत्तर काय द्यायचं, किती द्यायचं, कुठे थांबायचं, हे तो मुलींना शिकवतो तसंच बायकोलाही शिकवतो. मुली शिकतात. नंदिनीला मात्र खोटं बोलता येत नाही. तिचा कंठ दाटतो, हात थरथरतो, नजर खड्ड्याकडे जायला बघते. श्रिया सरन ह्या अभिनेत्रीला चित्रपटात संवाद फार नाहीत, पण अख्ख्या चित्रपटाचा ताण तिच्या चेहऱ्यावर बांधलेला आहे. विजय फसेल अशी भीती आपल्याला फारशी वाटतच नाही. भीती वाटते ती नंदिनी आता रडेल ह्याची. भावनेवर चालणारा थ्रिलर म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी तिचा चेहरा दाखवीन. घराचं रक्षण ज्या मायेने केलं, तीच माया घराला उघडं पाडू शकते.

संकटातली आई म्हटली की आपल्या मनात हिरकणी उभी राहते. रायगडाचा कडा, खालचं तान्हं बाळ, काळोख. पण हिरकणी कडा उतरली की घरी पोचते, बाळाला छातीशी धरते आणि तिची गोष्ट पुरी होते. नंदिनी घरातच आहे आणि तिचा कडा उतरून संपतच नाही. रोज सकाळी उठून चहा टाकायचा, मुलींचे डबे भरायचे, आणि खिडकीतून ते परस दिसतच राहणार.

हे लिहिताना शेजारच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या आहेत, हातात फोन घेऊन. त्यांची लेक घाटकोपरहून मेट्रोने येते. ‘पोचलीस का गं अंधेरीला?’ हा प्रश्न रोज संध्याकाळी ऐकू येतो आणि पलीकडून ‘हो, जिना चढतेय’ असं आलं की फोन पदराला पुसून त्या आत जातात. कधी उत्तर यायला उशीर झाला तर त्या आत जात नाहीत. कुंड्यांना पुन्हा पाणी घालतात. नंदिनीचा तो चेहरा कामतांना नि सिधयांना कुठून सापडला असेल, हे मला त्या कुंड्यांकडे पाहून कळतं. असामान्य आई त्यांना नको होती. लेकीच्या उत्तराची वाट पाहणारी बाई त्यांनी घेतली आणि त्या वाट पाहण्यालाच एका भयंकर रात्रीसमोर उभं केलं.

आता दुसरी आई. तब्बूने साकारलेली मीरा देशमुख खाकी वर्दीत येते तेव्हा तिची चाल, तिचा थंड आवाज, समोरच्याच्या डोळ्यांत खुपसलेली नजर, सगळं अधिकाऱ्याचं असतं. ह्या साऱ्या गोष्टीत विजयच्या रचनेचं मर्म सर्वांत आधी तिलाच उलगडतं. साक्षीदार खोटं बोलत नाहीत, त्यांनी खरोखरच पाहिलेलं आहे. फक्त जे पाहिलं त्याचा दिवस बदलला आहे. एखाद्या रसिकाला कवितेची गोम सापडावी तशी ती ते सांगते, आणि त्या क्षणी आपण, ज्यांना सारं आधीपासून माहीत आहे, तिला मनोमन दाद देतो. मग तिच्या मुलाचा मित्र तोंड उघडतो, सॅमने काय चित्रित केलं होतं ते तिच्या कानांवर येतं. तब्बूचा चेहरा तिथे आधी आक्रसतो, मग विझतो. नवरा खचतो. ती मात्र थांबत नाही. अधिकाऱ्याला इथे थांबता आलं असतं, आईला नाही.

तिच्यासमोर गायतोंडे साळगावकरांच्या मुलींना मारतो, आणि शेवटी छोट्या अनूवर येतो. कमलेश सावंत ह्यांनी हा गायतोंडे इतका ओबडधोबड क्रूर केला आहे, की आपण सगळा राग त्याच्यावर काढतो. पण पुन्हा पाहताना नजर मीरेकडे वळते. आपलं लेकरू शोधण्यासाठी दुसरीचं लेकरू मारू देणारी आई. नंदिनीच्या जोडलेल्या हातांचं उत्तर त्या रात्री सॅमने जसं दिलं, तसंच आज त्याची आई देते आहे. कथेचं हे वळण दिसलं की अंगावर काटा येतो. आणि तरीही आपल्याला तिचा द्वेष करता येत नाही, कारण तिलाही फक्त एवढंच विचारायचं आहे, की पोचलास का रे?

गुन्ह्यात सापडलेल्या आया जगभरच्या लेखकांनी रंगवल्या आहेत. केइगो हिगाशिनोच्या २००५ च्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ह्या जपानी कादंबरीत मायलेकींच्याच हातून नकोसा झालेला माणूस मरतो. कोरियाच्या बाँग जून-होच्या ‘मदर’मध्ये मुलाला सोडवायला निघालेली आई कुठल्या कुठे जाऊन पोचते. पण हिगाशिनोचं लक्ष त्या शेजारच्या गणितज्ञावर आहे आणि बाँगची आई एकटी आहे. ‘दृश्यम’मध्ये दोन आया समोरासमोर आहेत, आणि दोघींचीही बाजू खरी आहे. असं करायला धाडस लागतं; एकीला वाईट ठरवलं की लेखकाचं काम किती सोपं होतं!

ऑगस्ट २०२० मध्ये कामत गेले. २०२२ च्या दुसऱ्या भागाचं दिग्दर्शन अभिषेक पाठक यांनी केलं. त्यातली एकच गोष्ट इथे आठवते. नंदिनीला शेजारी एक मैत्रीण मिळते, नेहा जोशीने केलेली जेनी, आणि सात वर्षं कोंडलेल्या त्या बाईला कुणाजवळ तरी बोलावंसं वाटतं. ती मैत्रीणसुद्धा पोलिसांचीच निघते. नंदिनीच्या एकटेपणाची खोली मोजायला ह्याहून वेगळं माप नको.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे मीरा आणि तिचा नवरा विजयला भेटायला येतात. वर्दी उतरलेली आहे, मीरा साध्या कपड्यांत आहे. विजय न सांगता सांगतो: आमच्या लहानशा जगात एक आगंतुक आला होता, त्याला जावंच लागलं. कुठे, ते तो सांगत नाही. घरी नंदिनीलाही त्याने ते सांगितलेलं नाही. तिच्या परसातला तो खड्डा उकरला तेव्हा त्यातून निघालं ते एक मेलेलं जनावर, आणि त्या क्षणी पोलिसांच्या बरोबरीने तीही अवाक झालेली आपण पाहिली आहे. नवीन पोलीस ठाण्याच्या फरशीखाली काय आहे ते विजयला ठाऊक आहे आणि आपल्याला. ज्या बाईने त्या मुलाला आपल्या हातांनी माती दिली आणि जिने त्याला जन्म दिला, त्या दोघींनाही तो कुठे आहे हे माहीत नाही.